माइक पुसण्याची पद्धत

रविवारी सभागृहाच्या मागच्या खोलीत मी मुलांना श्लोक शिकवतो. घाई करत नाही. एखादा शब्द जिभेवर बसेना, तर त्याला चाल लावतो, टाळी धरतो, तोंड वेडंवाकडं करून दाखवतो. मुलं मला आजोबा म्हणतात. यंदा गुरुजींच्या प्रवचनानंतर श्लोक म्हणायला मी भिंगरीला निवडलं. बूट शिवणाऱ्याची मुलगी. एका जागी उभी राहत नाही, पण उच्चार असे की ऐकणारा हातातलं काम विसरेल.

आदल्या दिवशी तालमीला गुरुजी स्वतः आले. सगळ्या जीवांत एकच देव आहे, अशा अर्थाचा तो श्लोक. भिंगरीने माइकवर म्हटला, गुरुजींनी मान डोलावली.

"वा! आडनाव काय गं तुझं?"

तिने सांगितलं.

डोलणारी मान थांबली. गुरुजींनी खिशातून रुमाल काढला, माइक घासूनपुसून घेतला, मगच त्यात बोलायला लागले. थोड्या वेळापूर्वी सभागृहाच्या सेक्रेटरींचा मुलगा त्याच माइकवर शिंकला होता. तेव्हा रुमाल खिशातच होता.

मुलं गेल्यावर मी विचारलं, "गुरुजी, हे काय?"

"मास्तर, गैरसमज नको. वर्ण गुणांवरून ठरतो, जन्मावरून नाही. मीच सांगतो हे."

"मग गुणांत ही पोर कुठे कमी पडली?"

"गुण मागच्या जन्मीच्या कर्माने येतात. आणि कर्माप्रमाणेच घर मिळतं."

"म्हणजे फिरून जन्मच की!"

ते गोड हसले. "तुम्ही पाठांतर बघा, अर्थाचं आम्ही बघतो. उद्या दुसरं कुणी उभं करा."

"उद्या भिंगरीच म्हणेल. नाहीतर माझ्याकडचं एकही मूल येणार नाही."

मुलं नाहीत तर आईबाप नाहीत, आणि आईबाप नाहीत तर खुर्च्या रिकाम्या. गुरुजींनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते तासभर समतेवर बोलले. ते लोण्यासारखं बोलणं ऐकताना मला अंगावर पाल पडल्यासारखं होत होतं. मग भिंगरीला पुकारलं. ती आली, फ्रॉकच्या खिशातून रुमाल काढला आणि माइक पुसू लागली. वरून, खालून, मानेपर्यंत.

"काय करतेस गं?" गुरुजी ओरडले.

"पुसते. काल तुम्ही पुसला ना? दुसरं कुणी बोललं की पुसायचा असतो ना?"

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजींनी डोळ्यांनी खुणावलं आणि माइक बंद झाला. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मी टाळी धरली. तिने मोकळ्या गळ्याने सगळा श्लोक म्हटला, एकही अक्षर न चुकता.

निघताना गुरुजी दाराशी पाय पुढे करून उभे होते. दरवर्षी मी वाकतो. यंदा भिंगरीकडे वळलो.

"भिंगरे," मी म्हणालो, "तो रुमाल दे इकडे. धुवायला टाकतो."

"साबण लावून, आजोबा?"

"दोनदा."