हेरॉन कोर्टच्या ओल्या भिंती

मित्रांनो, इंग्लंडमधल्या हल शहरात, नदीच्या काठावर, गोदीजवळ उभी असलेली मी एक सहामजली इमारत आहे. हेरॉन कोर्ट हे माझं नाव. आज मी रिकामी आहे. माझ्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या आहेत, भोवती तारेचं कुंपण आहे. मला पाडणार आहेत. त्याआधी माझी आणि जिने मला कागदावर जन्म दिला त्या रोवेना गार्साइडची हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटते. आम्हा दोघींची हकिगत वेगवेगळी सांगताच येत नाही.

रोवेना मूळची हॅलिफॅक्सची. वडील बसमध्ये कंडक्टर. त्यांचं घर दुसऱ्या घराच्या पाठीला पाठ लावून बांधलेलं, त्यामुळे मागच्या बाजूला खिडकीच नव्हती. भर दुपारी दिवा लावून आई बटाटे सोलायची. मोठी झाल्यावर माणसांना उजेडाची घरं द्यायची, हे त्या पोरीने तेव्हाच मनाशी घेतलं. शिष्यवृत्ती मिळवून ती आर्किटेक्ट झाली, आणि तिशीत असताना गोदीकामगारांसाठी घरं बांधणाऱ्या एका संस्थेने तिला पहिलं मोठं काम दिलं. ते काम म्हणजे मी.

तिने मला भिंतभर रुंदीच्या खिडक्या दिल्या. प्रत्येक मजल्यावर लांबच लांब उघडी गॅलरी दिली, म्हणजे शेजारणींना दारात उभं राहून बोलता यावं, पोरांना खेळता यावं. चिखलात बूट रुतवत ती रोज यायची आणि माझ्या वाढत्या भिंतींकडे मान वर करून बघत राहायची. इतक्या प्रेमाने माझ्याकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही.

लोक राहायला आले. मग कॅमेरे घेऊन विद्यार्थी आले, मासिकांत माझे फोटो छापून आले, रोवेनाला पदक मिळालं. पुढे तिने ग्रंथालयं बांधली, नाट्यगृह बांधलं, परदेशात संग्रहालय बांधलं. सरकारने तिला 'डेम' हा किताब दिला. तिच्या लंडनच्या कार्यालयात माझा भलामोठा फोटो होता म्हणे. ती स्वतः मात्र माझ्याकडे यायची थांबली.

आणि इथे माझी अवस्था काय होती? गॅलरीचं काँक्रीट आणि घरातल्या जमिनीचं काँक्रीट एकच, सलग ओतलेलं. नदीवरचा गारठा त्या काँक्रीटमधून थेट घरात शिरायचा. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या भिंतींना आतून घाम फुटला. पलंगांच्या मागे, कपाटांच्या मागे काळी बुरशी चढू लागली. बायका ब्लीचने पुसायच्या, ती पुन्हा यायची. तक्रार केली की संस्थेचा माणूस सांगायचा, "खिडक्या उघड्या ठेवत जा." मुलं खोकायची. एका मजल्यावरचा खोकला माझ्या भिंतींतून दुसऱ्या मजल्यावर जायचा. ज्यांना ऊब द्यायची त्यांनाच मी आजारी पाडत होते आणि मला काही करता येत नव्हतं.

अशी वर्षं गेली. शेवटी संस्थेने मला पाडायचं ठरवलं. तेव्हा जुन्या इमारती जपणाऱ्या मंडळींनी मला वारसा यादीत घ्यावं म्हणून अर्ज केला. वर्तमानपत्रांत वाद पेटला. एकाने मला आजारांचं कोठार म्हटलं. ते रोवेनाच्या जिव्हारी लागलं. तिने उलट लिहिलं की इमारत उत्तम आहे, लोकांनाच नीट राहता येत नाही. तेवढ्यावर ती थांबली नाही. चौथ्या मजल्यावरचं एक रिकामं घर भाड्याने घेऊन ऐन हिवाळ्यात राहायला आली.

शेजारी मेव्हिस हॅलम राहायची. तिचं सगळं आयुष्य मासळीच्या कारखान्यात गेलेलं, नवरा वारलेला, वय ऐंशीच्या घरात. ती चहाची किटली घेऊन रोवेनाच्या दारात उभी राहिली.

"तुला डेम म्हणायचं की बाई?"

"रोवेना म्हणा."

"बरं पोरी. कोट एवढ्यात काढू नकोस. आम्ही मार्चपर्यंत काढत नाही."

रोवेना हसली नाही. "तुम्ही खिडकी थोडी उघडी ठेवता ना?"

"ठेवते की. मग नदी घरात येते. लावून घेतली की भिंत रडते. तुला दोन्हीतलं काय सोसवतंय ते तू बघ."

पण हीच मेव्हिस खिडकीशी बसून तासन् तास बोटी बघायची. "नवरा गेल्यावर मला या खिडकीनेच सोबत केली," असं ती म्हणाली, तेव्हा रोवेनाचा चेहरा उजळला. मलाही बरं वाटलं.

जानेवारीत रोवेनाच्या कोटावर बुरशी धरली. उशीला ओलसर वास येऊ लागला. तिने हीटर चालवला, खिडक्या उघडल्या, लावल्या, पुन्हा उघडल्या. तिलाही खोकला लागला. तरी ती कोणाला काही बोलली नाही. मग एके सकाळी मेव्हिसला श्वास घेता येईना. तिला रुग्णवाहिकेतून नेलं आणि तिचे कपडे आणायला रोवेना तिच्या घरात शिरली.

शयनघराला कुलूप होतं. किल्ली दाराच्या चौकटीवर सापडली. आत पलंगाची गादी उभी करून ठेवलेली आणि मागची भिंत जमिनीपासून छतापर्यंत काळी. मेव्हिस किती हिवाळे स्वयंपाकघरातल्या खुर्चीत झोपत होती कोण जाणे. रोवेनाने भिंतीला तळहात लावला. बराच वेळ तो तिने काढलाच नाही. मग तिने मेव्हिसचे कपडे गोळा केले.

वारसा यादीच्या अर्जाची सुनावणी माझ्याच तळमजल्यावरच्या सभागृहात झाली. इमारती जपणारे आले, संस्थेचे लोक आले, रहिवासी आले. दवाखान्यातून सुटलेली मेव्हिसही शाल पांघरून पुढे बसली. अधिकाऱ्याने विचारलं, "डेम रोवेना, ही इमारत राखावी असं तुमचं म्हणणं आहे ना?"

"नाही," रोवेना म्हणाली.

सभागृहात कुजबुज झाली.

"लोकांनाच नीट राहता येत नाही असं मी छापून आणलं होतं. ते खोटं होतं. लोक खिडक्या उघडतच होते. माझ्या भिंती चुकल्या आहेत. मी इथे एक हिवाळा काढला. आणखी एकही हिवाळा इथे कोणी काढू नये."

"दुरुस्ती करता येणार नाही?"

"करायची तर सगळ्या गॅलऱ्या तोडाव्या लागतील. मग राखलं काय? पण या लोकांना नदीकाठावरून हलवू नका. नवी घरं इथेच बांधा."

मला जन्म देणारीच मला पाडा म्हणत होती. मला वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? पण ती खरं बोलत होती.

अधिकाऱ्याने कागद आवरले, तेव्हा मेव्हिस उठली. तिचा आवाज चढला नव्हता.

"मला विचारलंस का गं?"

"मेव्हिस, तुमची छाती..."

"छाती माझी आहे. तुझ्या पुस्तकांत इमारत तुझी असेल. ती खिडकी माझी होती."

मेव्हिस काठी टेकत बाहेर गेली.

यादीत माझं नाव आलं नाही. नदीकाठी घरं देण्याची अट संस्थेने मान्य केली नाही. ज्याला जिथे मिळालं तिथे तो गेला. मेव्हिस शहराच्या दुसऱ्या टोकाला भावजयीकडे गेली. तिथली भिंत कोरडी आहे, समोर मोटारी लावायची जागा आहे. इमारती जपणाऱ्यांनी रोवेनाशी संबंध तोडले. तिने कार्यालय भागीदारांच्या हवाली केलं, पण शेवटचं कुटुंब बाहेर पडेपर्यंत ती चौथा मजला सोडून गेली नाही.

आता शनिवारी कधी कधी ती मेव्हिसला गाडीतून घेऊन येते. दोघी कुंपणाबाहेर बाकावर बसतात. लाल मसाला भुरभुरलेल्या चिप्स खातात. सुनावणीचा विषय मेव्हिस काढत नाही, आणि माफ केलं असंही म्हणत नाही. मागच्या वेळी एक बोट गेली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "इथून नीट दिसत नाही."

"नाही दिसत," रोवेना म्हणाली.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणणार नाही. पण उद्या तुमच्यातलं कोणी घरं बांधायला निघेल. त्याने उजेड जरूर द्यावा. मात्र भर हिवाळ्यात तिथे जाऊन भिंतीला हात लावून बघावा, आणि आत राहणाऱ्या माणसाला काय हवं ते त्यालाच विचारावं. सोमवारी यंत्रं येणार आहेत.