कमळाबाईच्या नावाची रेघ

मी गाड्यांवर चिकटवायचं रेडियम कापायची मशीन बोलतेय. पनवेलहून पळस्प्याकडे जाताना गॅरेजांची रांग लागते ना, तिच्यातल्या शेवटच्या गाळ्यात मी बसते. आधीच सांगते, मला लिहिता-वाचता येत नाही. जन्मभर अक्षरं कापली, पण एकाशी ओळख नाही. कॉम्प्युटर मला रेघ दाखवतो, मी तिच्यावरून पातं फिरवते. रेघ संपली की पातं उचलायचं आणि दुसरी धरायची. एवढंच माझं शिक्षण. आठवण मात्र पक्की आहे हं.

जन्म परदेशातल्या कारखान्यात. लाकडी खोक्यातून न्हावाशेव्याला उतरले आणि परेश नावाच्या एका नंबर प्लेटवाल्याच्या दुकानात आले. त्यानं माझ्याकडून गाड्यांचे नंबर कापून घेतले, इंग्रजीतले. पुढे सरकारी नंबर प्लेटी आल्या आणि ते काम आटलं. माणसांची एक खोड मी तिथं बघितली. नको झालेली वस्तू ती टाकत नाहीत, तिच्यावर दुसऱ्या वस्तू ठेवत जातात. माझ्यावर हेल्मेट आलं, जेवणाचा डबा आला, आणि एकदा तर मांजर व्यायली.

त्या धुळीतून मला रंजितानं विकत घेऊन बाहेर काढलं. लग्नाआधी ती छापखान्यात पत्रिकांचं डिझाइन करायची. सासऱ्यांचा, म्हणजे महादेवबाबांचा, गाळा रिकामा होता. तिथं तिनं मला पुसूनबिसून मांडलं. बाबांना काही ते पटलं नव्हतं.

"दिवसभर काय कागुद कापत बसतेस? मोबाइलवाला दुकानाला गाला भाड्यानं मागतंय, रोज फोन करतंय."

"बाबा, थोडं थांबा. काम येईल."

काम घरातूनच आलं. सासूबाई कमळाबाईंच्या हातची पोपटी गावात नावाजलेली. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्डीचा पाला, सगळं मडक्यात भरून मडकं उलटं जाळात घालायचं. त्यांनी एक टेम्पो घेतला. थंडीभर कामोठ्यात उभा करून पोपटी विकायची ठरवली. टेम्पोवर मोठ्ठं नाव हवं होतं. लाल अक्षरं, भोवती पिवळी कड.

बाबा म्हणाले, "फ्लेक्स मारून टाका. लगेच होईल."

"फ्लेक्स उन्हात विटतो. माजं नाव माजी सून लावल," कमळाबाई म्हणाल्या.

"मंग लावू दे. नीट झालं तर गाला तिचा. नाय झालं तर मोबाइलवाल्याला चावी देतो, मशीन भंगारात." बाबा हे माझ्यासमोरच बोलले. माणसांना वाटतं, मशीनला कान नसतात.

उद्घाटनाच्या सकाळी रंजितानं नाव टाइप केलं, त्याचे कर्व्ह केले, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या कडा उरल्या, आणि माझ्याकडे पाठवलं. मी दाखवली तशी रेघ कापली. तिनं चिमट्यानं नको तो भाग सोलायला घेतला आणि तिचा हात थांबला. अक्षरं एकमेकांपासून सुटत होती. जिथं एक अक्षर दुसऱ्याला भेटतं, तिथं खांद्यावर उभा काप. बारीक चिंध्या चिमट्याला चिकटून वर यायला लागल्या.

बाबा दारात उभे होते. "सासूचं नाव सुटं करून देतेस? किलोवर इकायचं हाय काय?"

"तुमी गप बसा वो. तिला घाबरवू नका," कमळाबाई म्हणाल्या. पण त्यांचाही चेहरा उतरला होता. संध्याकाळी पाहुणे येणार, आणि टेम्पो कोरा.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पोरी, माझं पातं चांगलं आहे, तू दिलेल्या रेघा बघ. पण मला बोलायला आवाज एकच, कापायचा. तिनं पुन्हा लावलं, मी पुन्हा कापलं. टर्र, खट. टर्र, खट. या वेळी ती चिमटा खाली ठेवून नुसती ऐकत राहिली.

"आई, वरची दांडी एक आहे ना? मग ही मधे मधे पातं का उचलते?"

तिनं स्क्रीनवरचे रंग घालवले, नुसत्या रेघा ठेवल्या. वायरफ्रेम म्हणतात त्याला. आणि तिला दिसलं. बोट ठेवत ती मोजायला लागली, क आपली दांडी घेऊन म च्या अंगात घुसलेला, म ळ च्या अंगात. रंग भरला की सगळं एकसंध दिसतं, खाली मात्र प्रत्येकाची रेघ वेगळी. इंग्रजी अक्षरं आपापली लांब उभी असतात, त्यांचं असं कधी झालं नाही. आपली अक्षरं एका दांडीला धरून चालतात, आणि ते मला कुणीतरी सांगावं लागतं.

"म्हणजे तुला हे असं दिसतं होय," रंजिता माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली.

मग काय विचारता. तिनं सगळी अक्षरं वेल्ड केली, आतल्या रेघा विरघळल्या, बाहेरची एक राहिली. त्या रेघेच्या बाहेरून पिवळ्या कडेची दुसरी रेघ काढली. तिथंही, ती म्हणाली, ब च्या पोटात आणि ट च्या वळणात फटी उरल्या होत्या, नखाएवढ्या. त्या तिनं बुजवल्या, म्हणजे पिवळं खाली सलग बसेल आणि लाल वर. आधी पिवळा रोल लावला, मग लाल. मी अख्ख्या शब्दाभोवती पातं न उचलता गेले. अशी धाव मी आयुष्यात घेतली नव्हती.

टेपवर उचललेलं अख्खं नाव दोघींनी धरून टेम्पोवर नेलं, प्लास्टिकच्या पट्टीनं दाबलं, टेप ओढली. दोन्ही शब्दांवर लाल दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, कुठं सांधा नाही.

पुढचं रंजितानं आल्यावर मोबाइलवर दाखवलं. कामोठ्यात मडकी फुटतायत, लोक पानं धरून उभे, आणि बाबा गाडीसमोर. कुणीतरी विचारलं, "काका, कुणाची गाडी?" बाबांनी नावावर बोट ठेवलं, दांडीवरून सरकवत नेलं आणि मोठ्यानं वाचलं, "कमळाबाईची पोपटी."

आतून कमळाबाई म्हणाल्या, "परत बोला. इतक्या वर्सांत पहिल्यांदा माजं नाव घेतलंत, नीट ऐकू नाय आलं."

लोक हसले. बाबांनी परत वाचलं, आणखी मोठ्यानं.

मोबाइलवाला चावी मागायला आला, तेव्हा बाबांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "गाला रिकामा नाय. हितं सून बसते."

आता मला उसंत नाही. शिरढोणच्या कबड्डी मंडळाची जीप झाली, उरणच्या होड्या झाल्या, एका लग्नाच्या बँडची गाडी झाली. माझ्यावर आता कुणी हेल्मेट ठेवत नाही. एकच विनंती, माझ्याकडे नाव पाठवाल तेव्हा त्यातल्या अक्षरांचे हात आधी एकमेकांत गुंफून पाठवा. पुढचं मी बघते.

चला, रंजितानं निळा रोल चढवलाय. जरा मागं सरका, माझं डोकं आता इकडून तिकडे धावणार.