आंबटामागची साखर

सावनी दोनदा नापास झाली होती, तीही दारूच्या परीक्षेत! आता हे बापाला सांगायचं कोणत्या तोंडानं? जालना रोडवरच्या नव्या हॉटेलात ती लागल्यापासून लक्ष्मणरावांनी, म्हणजे तिच्या बापानं, तहसीलातल्या निवृत्त हेडक्लार्कनं, त्या नोकरीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आठ महिने! आणि उद्या शेवटची संधी. रीझलिंग नावाच्या पांढऱ्या वाइनचे तीन ग्लास. कोणती ड्राय, म्हणजे साखर न उरलेली, आणि कोणती गोड, ते चाखून सांगायचं. चुकली की गिऱ्हाइकांना वाइन सुचवायच्या कामातून नाव कट.

शेवटी तिनं स्वयंपाकघरात आईपाशी रडून घेतलं. "गोड असलेल्या वाइनलाच मी ड्राय म्हणते गं, दर वेळी!"

लक्ष्मणराव दारात उभे होते. "आंबट असते का ती?"

"लई आंबट, बाबा."

"मग फसणारच की तू!" ते आत आले. नळाला पाणी आठव्या दिवशी, टँकरचं हंड्यात मोजकंच. तरी त्यांनी तीन पेले लिंबाचं सरबत केलं. सावनीची आई, भानुमतीबाई, ओरडल्या, "अहो, पिण्याचं पाणी आहे ते!" पण ऐकतो कोण?

सावनीनं चाखलं. "पहिलं गोड. दुसरं बेताचं. तिसऱ्यात साखर नाहीच."

"तिन्हीत दोन-दोन चमचे साखर आहे! लिंबू तेवढं वाढवत नेलं मी. अगं, आंबट आधी बोंबलतं, म्हणून साखर कळत नाही. घोट गिळ अन् गप्प बस जरा. तोंडाला सुटलेलं पाणी ओसरू दे. मग ओठ चाटून बघ. चिकट लागले का?"

लागले की! सावनी हसली, अन् तिला पुन्हा रडू आलं. तिच्या कामाबद्दल बाबा पहिल्यांदाच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला स्कूटरवरून सोडलं, पण फाटकापर्यंतच. आत पाऊल टाकायचं नाव नाही.

तिसऱ्या ग्लासानं सावनीचे दात आंबले. 'ड्राय' अगदी जिभेवर आलं होतं. ती थांबली. घोट गिळला, पाणी ओसरू दिलं, ओठांवरून जीभ फिरवली.

"ही गोड आहे," ती म्हणाली.

धावतच ती फाटकाशी आली. लक्ष्मणराव तिथंच, उन्हात घामाघूम.

"तिन्ही बरोबर, बाबा!"

त्यांनी रुमालानं आधी चष्मा पुसला, मग डोळे. स्कूटर स्टँडला लावली.

"चल," ते म्हणाले, "तू आत कुठं उभी राहतेस, ते दाखव मला."