गणिताच्या दिवशीच्या ऑर्डरी

ज्ञानदाचे वडील, सुभेदार संतोष, सहा वर्षं झाशीजवळच्या बबीनाच्या छावणीत होते. त्यांची बदली आसामला झाली, आई धाकट्या भावाला घेऊन साताऱ्याला गेली आणि ज्ञानदा इंजिनिअरिंगसाठी झाशीतच राहिली. नगरा मोहल्ल्यात, अनुसूयाकाकूंच्या घरी, वरच्या खोलीत भाड्यानं. काकू रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या झाशीतलं, त्यामुळे बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी.

पहिल्या वर्षी ज्ञानदाचं गणित राहिलं. शाळेत कधी नापास न झालेली मुलगी. आता गणिताचं पुस्तक उघडलं की छातीत धडधडायचं आणि हात आपसूक मोबाईलकडे जायचा. मोमो, पास्ता, छोले-भटुरे. ऑर्डर दिली की जीव थाऱ्यावर यायचा. जेवण येईपर्यंत पुस्तकाकडे बघायला नको. खाऊन झालं की पोटाला तडस आणि समोर तेच पान. काकूंनी दिलेल्या डब्यातल्या पोळ्या मात्र सकाळी गल्लीतल्या गाईच्या वाट्याला जायच्या.

नोव्हेंबरात राहिलेल्या गणिताच्या परीक्षेचा फॉर्म भरायला बसली, तर खात्यात दोनशे अकरा रुपये. बाबांनी फीचे पैसे महिन्याभरापूर्वीच पाठवले होते. तिनं ॲपमधल्या जुन्या ऑर्डरी उघडल्या आणि तारखा बघता बघता ती गार पडली. सुट्टीच्या दिवशी जवळजवळ काहीच नाही. सगळं मंगळवारी आणि शुक्रवारी, गणिताच्या तासाच्या दिवशी.

ती खाली गेली. काकू मटार सोलत होत्या. तिनं तीन हजार उसने मागितले. कशाला, असं काकूंनी विचारल्यावर थाप मारायची ठरवलेली, पण तोंडातून खरंच निघालं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, पैसे देते, पण आधी बाबांना फोन कर.

"काकू, नको. वो बहुत नाराज होंगे."

"होऊ देत की. तुझेच बाबा आहेत."

ज्ञानदानं तिथेच, मटारांच्या टरफलांशेजारी बसून फोन लावला. सगळं सांगून टाकलं.

"भूक लागायची का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. भीती वाटायची."

"मग ते मला आधी सांगायचंस. पैसे पाठवतो, फॉर्म आजच भर. पण यापुढे भीती वाटली की मला फोन करायचा. मी ड्युटीवर असलो तर आईला."

त्या संध्याकाळी तिनं ॲप काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पियूषला, बरोबर अभ्यास करशील का, असं विचारलं. त्याचंही गणित राहिलं होतं आणि तोही कुणाला सांगत नव्हता. मंगळवार-शुक्रवार दोघं काकूंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसू लागले. काकूंना गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उदाहरण अडलं की त्या कणीक भिजवायला सांगायच्या. हात कणकेत असले की मोबाईल धरता येत नाही, आणि कणीक मळून होईपर्यंत धडधड उतरते, हे ज्ञानदाच्या लक्षात आलं. पोळ्या पहिले काही दिवस कुठल्याशा देशाच्या नकाशासारख्या व्हायच्या.

सगळं सरळ झालं असं नाही. डिसेंबरातल्या चाचणीत वीसपैकी सहा मिळाले, तेव्हा तिनं ॲप पुन्हा घेतलं आणि दोन माणसांची बिर्याणी मागवली. ती आली तशी उचलून खाली नेली; काकू शाकाहारी, म्हणून पियूषला बोलावून अंगणात त्याच्याबरोबर खाल्ली. मग बाबांना फोन करून तेही सांगितलं. ते हसले आणि कोणतं उदाहरण चुकलं ते विचारलं. त्यांना त्यातलं काही समजणार नव्हतं, तरी तिनं पूर्ण समजावून सांगितलं. सांगता सांगता आपण कुठे चुकलो ते तिचं तिलाच दिसलं.

मार्चमध्ये निकाल लागला. गणितात शंभरपैकी अठ्ठेचाळीस. पियूषला त्रेपन्न, म्हणून तो दिवसभर मिरवत होता. ज्ञानदानं आईला फोन केला, मग बाबांना, आणि दुपारी डबा उघडून चारही पोळ्या खाल्ल्या. तिला चांगलीच भूक लागली होती.