मागच्या कोपऱ्यातले पंप

“मोठे पंप मागच्या कोपऱ्यात का ठेवलेत, मावशी?”

नकाशेवाल्याने हे विचारलं तेव्हा मी खिडकीत बसून पावत्यांवर शिक्के मारत होते. प्रश्न इतका बावळट वाटला की मी मानसुद्धा वर केली नाही. म्हटलं, “तिथेच असतात ते.”

“हो, पण का?”

आता काय सांगणार डोंबल? नाक चेहऱ्याच्या मधोमध का, असं कुणी विचारतं का? छोट्या मालकांनी त्याला गोदामाची नव्याने आखणी करायला आणलं होतं. जागा तीच, पण माल जास्त मावला पाहिजे आणि ट्रक लवकर भरला पाहिजे, एवढंच त्याचं काम. खरं नाव काय होतं देव जाणे, आम्ही सगळे त्याला नकाशेवालाच म्हणायचो. आल्यापासून तो एक स्टूल टाकून गोदामाच्या मध्यात बसून असायचा. मांडीवर गोदामाचा नकाशा, हातात लाल पेन. कुणी माल उचलून इथून तिथे गेलं की हा कागदावर इथून तिथे रेघ मारायचा. बस, एवढंच. आमच्यातला एक गडी तर मुद्दाम उगाच फेऱ्या मारून यायचा, याच्या हाताला काम मिळावं म्हणून.

त्याने तो कागद माझ्या खिडकीवर पसरला. बाकीच्या गोदामात तुरळक रेघा होत्या. पण फाटकापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत रेघेवर रेघ चढून कागद तिथे फाटायला आला होता.

तेव्हा मी आठवायला लागले. जुने गडी सांगायचे, मी नोकरीला लागले त्याच्याही आधी पंप बनवायची शेड गोदामाच्या मागे होती. मागच्या भिंतीला एक दार होतं. पंप त्या दारातून आत यायचे आणि दाराशीच रचले जायचे. ते बरोबरच होतं. पुढे नवी शेड समोरच्या बाजूला बांधली, मागचं दार विटांनी बुजवलं. सगळं हललं, पंपांची जागा तेवढी हलली नाही. म्हणजे पंप समोरून आत आणायचे, सगळं गोदाम पार करून मागे नेऊन ठेवायचे आणि ट्रक आला की पुन्हा सगळं गोदाम पार करून समोर आणायचे. आणि फाटकाशी, सगळ्यात सोन्यासारख्या जागेत काय? रबरी चकत्यांची हलकी खोकी, वाळून दगड झालेल्या रंगाचे डबे आणि मोठ्या मालकांचं एक तीन पायांचं टेबल. ते दुरुस्त करायचं म्हणून ठेवलं होतं. मोठे मालक गेले, टेबल आहे तिथेच आहे.

मी हे सगळं सांगितल्यावर नकाशेवाला हसला नाही, हे त्याचं मोठेपण. इतकंच म्हणाला, की मग काही बांधायलाही नको, नुसती अदलाबदल करायची. हलकं मागे, जड पुढे.

नुसती अदलाबदल. तो मागचा कोपरा आमच्या ह्यांचा होता.

कारखान्यात ह्यांना सगळे क्रेन म्हणायचे. मोठा पंप म्हणजे बिडाचं, ओतीव लोखंडाचं धूड. दोघं मिळून उचलायचे आणि मध्ये दोनदा टेकवायचे. आमचे हे एकटे पाठीवर घ्यायचे आणि न टेकवता आणायचे. ढकलगाडी होती, नाही असं नाही, पण मधली वाट इतकी चिंचोळी आणि दोन्ही बाजूंनी खोकी इतकी बाहेर आलेली, की गाडी घेऊन जाणारा आधी वाट मोकळी करायचा आणि मग शिव्या खायचा. त्यापेक्षा पाठ बरी, असं सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे ज्यांची पाठ नव्हती ते.

मी तिथे नवीन होते, लग्न व्हायचं होतं. खिडकीतून मला ती वाट शेवटपर्यंत दिसायची. मागे उजेड बेताचाच. आधी नुसतं “बाजू, बाजू” ऐकू यायचं, मग अंधारातून चालत येणारा एक पंप दिसायचा आणि बऱ्याच वेळाने त्याच्या खालचा माणूस. तेवढ्या वेळात मी केस सारखे करून, पावती काढून, काही पाहिलंच नाही अशी बसलेली असायचे. बाकीचे गडी मधल्या खांबाशी दम खायला थांबत. हे थांबायचे नाहीत. दम राखून ठेवल्यासारखे थेट माझ्या खिडकीपाशी यायचे, पंप ठेवायचे आणि तिथे दम खायचे. शिक्का मारून झाला तरी दम काही संपायचा नाही. गोदामाचे मास्तर आपल्या टेबलावरून म्हणायचे, क्रेनला या खिडकीची हवा मानवते वाटतं. मी लाजेने लालबुंद.

एकदा असेच उभे होते, घाम पुसत. म्हणाले, “रोज एवढ्या लांबून येतो मी. एकदा तुमच्या घरी आलो तर चालेल का?”

गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर, आणि म्हणे लांबून. मला हसू आवरेना. पण मनात म्हटलं, खरंच बाई, एवढं ओझं घेऊन एवढ्या लांबून दुसरं कोण येणार आहे आपल्यासाठी? आले घरी. आईने पसंत केलं, वडिलांनी आढेवेढे घेतले, झालं लग्न.

नंतरचं सांगायला मजा नाही. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा पाठ कुरकुरायला लागली आणि ती कॉलेजात गेली तेव्हा पाठीने हात टेकले. नोकरी वेळेआधी सुटली. आता हे कंबरेत वाकूनच चालतात. खुर्चीत बसलं की कळ येते, म्हणून ओट्याला टेकून उभ्याने जेवतात. बुटाची नाडी मी बांधते. पण तोंड वाकलेलं नाही. कुणीही घरी येऊ दे, पोस्टमन, नळ दुरुस्त करणारा, नाहीतर मुलीच्या सासरची माणसं, त्यांना मागच्या कोपऱ्याची गोष्ट ऐकावीच लागते. तिथून एकट्याने पंप आणणारा दुसरा झाला नाही, होणार नाही. पाठ गेली हो, पण अशी तशी नाही गेली, असं म्हणतात आणि खरंच सरळ व्हायला बघतात. त्यांना बघून समोरचा माणूसही जरा नीट बसतो.

या माणसाला मी घरी जाऊन काय सांगू? की तुमची पाठ एका बुजवलेल्या दारापायी गेली? की अदलाबदल करायची होती, नुसती अदलाबदल, आणि ती मोठ्या मालकांना सुचली नाही, मास्तरांना सुचली नाही, कुणालाच सुचली नाही? मला त्या दिवशी इतका राग आला होता की शिक्के मारता मारता खिडकीची फळी हलायला लागली. माझं काही म्हणणं नाही, माणसाने कष्ट करावेत. पण कारणाने करावेत. ह्यांच्याकडे तेवढंच तर उरलं होतं, की जे गेलं ते कारणी लागलं.

म्हणून मी ताकास तूर लागू दिली नाही. हे रोज विचारायचे, काय चाललंय गोदामात? मी सांगायचे, भिंतींना रंग दिला. दुसऱ्या दिवशी सांगायचे, दिवे बदलले. ते म्हणायचे, महिनाभर दिवेच बदलतायत? किती दिवे आहेत? मी विषय भाजीवर न्यायचे.

इकडे नकाशेवाल्याने झपाटा लावला होता. खोट्याला खोटं म्हणावं, खऱ्याला खरं: काम देखणं केलं त्याने. तीन पायांचं टेबल गेलं. खोकी छतापर्यंत उंच फडताळात गेली, वाट एवढी रुंद झाली की समोरासमोरून दोन गाड्या जाव्यात. जमिनीवर पिवळे पट्टे आले. मोठे पंप फाटकाच्या उजव्या हाताला, कंबरेच्या उंचीच्या फळ्यांवर. आणि ढकलगाड्याही नेमक्या त्याच उंचीच्या केल्या, वर फिरते रूळ बसवलेल्या. पंप उचलायचाच नाही. ढकलला की फळीवरून गाडीवर आणि गाडीवरून ट्रकात. एक नवी मुलगी कामाला लागली होती, अंगाने काडी, ती एका हाताने पंप सरकवायची आणि दुसऱ्या हाताने ओढणी सारखी करायची. माझी खिडकीही गेली. मला फाटकाशी काचेची केबिन मिळाली. तिथून फक्त रस्ता दिसतो.

मग छोट्या मालकांनी घोळ घातला. नव्या गोदामाचा पहिला ट्रक भरायचा, त्या दिवशी जुन्या माणसांना बोलवायचं ठरवलं आणि स्वतः घरी फोन केला. फोन ह्यांनीच घेतला. मी पदर खोचून समोर उभी होते, खुणा करत होते, पण कशाचं काय. सकाळी हे माझ्याआधी तयार. मी नाडी बांधता बांधता म्हटलं, “नका हो येऊ. काही बघण्यासारखं नाही तिथे.”

“दिवे बघेन की,” म्हणाले.

फीत कापून झाली, टाळ्या झाल्या. नकाशेवाला सगळ्यांना घेऊन फिरत होता, समजावत होता. माझं लक्ष ह्यांच्याकडे. हे आधी सवयीने मागे निघाले. पार शेवटपर्यंत गेले. तिथे रबरी चकत्यांची खोकी. त्यांनी एक खोकं हातात घेऊन पाहिलं, पुन्हा ठेवलं. मग वळून वाटेकडे पाहत राहिले. रुंद, उजेडाची, सरळ वाट. त्यांना कळलं होतं. आमचे हे शिकलेले कमी असतील, मठ्ठ नाहीत.

तसेच वाकत वाकत पुढे आले, फाटकाशी, पंपांपाशी. मी धावतच पोचले. मनाची तयारी केली होती, रागावले तर असं बोलायचं, डोळे भरून आले तर तसं. पण ते माझ्याशी बोललेच नाहीत. त्या काडी मुलीला म्हणाले, मी एक करून बघू का गं? ती बाजूला झाली. ह्यांनी पंपाला तळहात लावला आणि ढकलला. पंप सरकला. अगदी अलगद गाडीवर येऊन बसला. गाडी लोटत ते ट्रकापाशी गेले, पुन्हा तळहात लावला. पंप ट्रकात. कुठे वाकायला लागलं नाही, कुठे कण्हायला लागलं नाही. होती तेवढीच वाकलेली पाठ त्या उंचीला बरोबर पुरत होती.

मग माझ्याकडे वळले.

“हे तर मला अजूनही जमतंय गं.”

तक्रार नव्हती आवाजात, तेच मला सोसेना. रागाची तयारी होती, रडण्याची होती, याची नव्हती. म्हणजे अदलाबदल वेळेवर झाली असती तर अजूनही ते कामावर येऊ शकले असते. माझ्याबरोबर निघाले असते, माझ्याबरोबर परतले असते. पोस्टमनला सांगायला गोष्ट उरली नसती, नसती उरली. मी त्यांच्या बाहीवरची धूळ झटकली.

ट्रकचा ड्रायव्हर बाहेरगावचा, त्याला कोण कुठला क्रेन माहीत. त्याने आतूनच विचारलं, “काका, थांबलात का? अजून आहेत ना?”

हे रिकामी गाडी घेऊन वळले. नकाशेवाला त्यांना थांबवायला पुढे आला, त्याला मी अडवलं. म्हटलं, करू दे. पाहुणे चहाला गेले. छोट्या मालकांनी दोनदा हाक मारली, ह्यांनी हात वर करून ‘येतो’ म्हटलं आणि पुढचा पंप सरकवला. काडी मुलगी ट्रकात चढून आतून पंप लावून घेत होती. भराभर काम चाललं होतं दोघांचं. जुन्या गोदामात तो ट्रक भरायला दिवस मोडला असता. चहा निवायच्या आत भरून झाला.

ड्रायव्हरने ट्रकचा मागचा फाळका लावला, हात झटकले आणि एकदम खूश होऊन म्हणाला, “एवढ्या झटपट कुठेच भरून मिळत नाही. उद्याच्या फेरीलाही तुम्हीच असाल ना, काका?”

हे फाळक्याची कडी नीट बसली का ते बघत होते. हलवून खात्री केली.

“नाही,” म्हणाले, “मी आजच्यापुरताच.”

ट्रक निघाला. रस्त्याच्या वळणापर्यंत तो दिसतो. दिसेनासा होईपर्यंत हे फाटकात उभे राहिले, मग मला म्हणाले, चल, चहा घेऊ.