मागची नळी

थोरला कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे आणि घरामागच्या छोट्या खोलीत बसून तो लोकांची बोळकी पुन्हा भरून द्यायचा. केसाएवढी चूक झाली तरी समोरच्याला घास चावता येत नाही, हे त्याला तीस वर्षांच्या कामानं शिकवलं होतं. त्यामुळे हात सावकाश चालायचा आणि तोंड त्याहून सावकाश. त्यानं एखादी गोष्ट झाली म्हटलं की घरात कुणी पुन्हा तपासायला जात नसे.

धाकटा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा. तो रंगारी. दिवसभर शिडीवर उभा राहून खालून जाणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा मारायचा, आणि तरीही भिंतीवर ब्रशचा एक ओरखडा दिसायचा नाही.

दोघांना एकत्र आणलं ते गाडीनं. एक हॉटेल कायमचं बंद झालं होतं, त्याच्या मागच्या शेडमध्ये ती वीसेक वर्षं पडून होती. साठच्या दशकातली अमेरिकन गाडी, बोटीएवढी लांब, मागे माशासारखे दोन पंख आणि पुढे क्रोमचा भला मोठा जबडा. हॉटेलवाल्याच्या आईला थोरल्यानं कवळी करून दिली होती. हॉटेलवाला म्हणाला, "घेऊन जा बाबा, माझी जागा तरी मोकळी होईल." ट्रकवरून ती अंगणात उतरली तेव्हा थोरल्याच्या बायकोनं कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"म्हैस आणलीत," ती म्हणाली. "काळी, सुस्त, आणि आता वाटेतून हलायची नाही."

तेव्हापासून गाडीचं नाव म्हैस.

चार वर्षं दोघा भावांचे रविवार म्हशीनं खाल्ले. इंजिन उतरवलं, उघडलं, धुतलं. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. धाकट्यानं पत्र्याच्या पोच्यांत पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली, आणि शेवटी असा काळा रंग चढवला की थोरल्याची बायको बोनेटमध्ये बघून टिकली सरळ करायची. सीटांची कव्हरं तिनंच शिवली. "म्हशीला झूल," असं म्हणत म्हणत.

राहिले ब्रेक. पाइपांतून आलेलं तेल चाकांपर्यंत पोचवायला तीन रबरी नळ्या असतात, पुढच्या चाकांना दोन आणि मागच्या आसाला एक. तिन्ही थोरल्यानं बाहेरून मागवल्या. पुढच्या दोन बरोबर आल्या. मागचीचे आटे जुळेनात. त्यानं बदलून मागितली आणि तोपर्यंत जुनी काढून निरखली. वाकवली, पिळली, नखानं खरवडली. कुठे चीर नव्हती. तात्पुरती म्हणून त्यानं तीच परत बसवली.

मग ब्रेकमधली हवा काढायला दोघं बसले. धाकटा आत पॅडलवर, थोरला गाडीखाली.

"दाब," थोरला खालून म्हणायचा. "धरून ठेव. सोड."

"दादा, आता सगळं नवं झालं ना?" धाकट्यानं वरून विचारलं.

"झालं."

एवढा एकच शब्द. खोटं बोलायचं असं त्यानं काही ठरवलं नव्हतं. नवी नळी येणारच होती, ती आली की बदलणारच होता, आणि धाकट्याला समजावत बसायचा कंटाळा आला होता. नवी नळी बारा दिवसांनी आलीसुद्धा. पण ती बसवायची म्हणजे सगळं तेल पुन्हा सांडायचं, पुन्हा हवा काढायची. त्या आठवड्यात ठशांचा ढीग पडला होता. रविवारी म्हैस पहिल्यांदा रस्त्यावर न्यायची, असं धाकट्यानं अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं. थोरल्यानं नळी कपाटाच्या खणात ठेवली. जुनीही धरतेच आहे, पुढच्या आठवड्यात बघू, असं म्हणाला, तेही मनातल्या मनात.

रविवारी सकाळी धाकटा चालवायला बसला. थोरल्याला गर्दीत गाडी चालवायची सवय नव्हती, म्हणून तो मागे सायकलवर निघाला. सपाटीवर सगळं ठीक होतं. लोक थांबून बघत होते, धाकटा एखाद्या मंत्र्यासारखा हात हलवत होता. मग लाकडाच्या वखारीकडे जाणारा उतार लागला. खाली बसथांब्यावर सात-आठ माणसं उभी होती.

थोरल्यानं मागून पाहिलं. ब्रेकचे दिवे लागले, विझले, पुन्हा लागले, पण गाडीचा वेग कमी होईना. मग म्हैस एकदम डावीकडे वळली आणि वखारीबाहेर रचलेल्या ओंडक्यांत घुसली.

बसथांब्यावरच्या कुणालाही साधं खरचटलं नाही. धाकट्याच्या उजव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं आणि गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले. स्टेअरिंग छातीवर बसून तीन बरगड्या गेल्या. लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता. "दादा," तो म्हणाला, "तुझी गाडी घालवली मी."

संध्याकाळी पोलीस हॉस्पिटलात आला. धाकट्यानं आपणहून सांगितलं, "घाबरलो. पाय बहुतेक क्लचवर पडला. दाबत होतो, दाबत होतो, काही होईना." पोलिसानं तेच लिहून घेतलं. थोरला कॉटच्या पायथ्याशी उभा होता. त्याला अजून काही माहीत नव्हतं. संशय मात्र आला होता.

दुसऱ्या दिवशी म्हैस ट्रकवरून परत आली. ट्रकवाला गेल्यावर थोरला तिच्याखाली शिरला. मागची नळी फुटली होती. बाहेरून तशीच धडधाकट, पण आतून कुजलेली, आणि एका जागी बोटभर उलून गेलेली. त्या काळच्या गाड्यांत चारही चाकांचं तेल एकाच वाटेनं जातं. एकीकडे गळलं की चारही ब्रेक गेले. पाय कुठे पडला याच्याशी काही संबंध नव्हता.

त्यानं नळी सोडवली, कागदात गुंडाळली आणि कामाच्या खोलीत नेऊन ठेवली. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं.

उद्या धाकट्याचं ऑपरेशन होतं. परवा त्याला ताप होता. मग तो घरी आला, आणि घरी बायको होती.

"मिरवायला हवं होतं ना," ती त्याच्या तोंडावर म्हणायची. "हात हलवत बसले. लक्ष कुठे होतं? दादांनी चार वर्षं जीव ओतला त्या गाडीत." आणि थोरल्याकडे वळून, "दादा, तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत यांना. तुमचं मन मोठं म्हणून."

धाकटा मान खाली घालून ऐकायचा आणि पुन्हा एकदा "माफ कर, दादा" म्हणायचा. थोरला चहा अर्धा ठेवून उठायचा.

इकडे थोरल्याची बायको बघत होती. त्याचं जेवण कमी झालं होतं. एका कवळीचा चावा चुकून ती डॉक्टरांकडून परत आली, असं तीस वर्षांत झालं नव्हतं.

"काय होतंय तुम्हाला?" तिनं एकदा विचारलं.

"काही नाही."

"मला नाही तर नाही, कुणाला तरी सांगा. आतल्या आत कुढून माणूस झिजतो."

सातव्या आठवड्यात थोरला भेटायला गेला तेव्हा दारासमोर धाकट्याची व्हॅन धुऊन पुसून उभी होती. रंगाचे डबे, शिड्या सगळं खाली काढलं होतं.

"विकतोय," धाकटा म्हणाला. काठी टेकून तो दारात उभा होता. "पाय बरा होईल म्हणतात डॉक्टर. चालेन, थोडा लंगडेन. पण गाडी नाही चालवणार आता. माझा माझ्याच पायावर भरवसा राहिला नाही, दादा. तो थांबा रोज डोळ्यासमोर येतो. एक बाई होती तिथे, कडेवर पोर होतं. मी नको तिथे पाय दिला आणि..." तो थांबला. "शिडीवर तरी कुठल्या भरवशावर चढू?"

थोरला तसाच मागे वळला. घरी जाऊन कागदाची गुंडाळी घेऊन आला. भावाला खुर्चीवर बसवलं आणि नळी त्याच्या हातात दिली.

"ही मागची. जुनीच होती. नवी आली होती, मी बसवली नाही. तू विचारलंस तेव्हा झालं म्हणालो. तुझा पाय ब्रेकवरच होता. ब्रेकच नव्हता."

धाकट्यानं नळी वाकवली. चीर उघडली. आतून त्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

"तुला कधी कळलं?" धाकट्यानं विचारलं.

"गाडी परत आली त्या दिवशी."

"म्हणजे ऑपरेशनच्या आधी."

"हो."

"नळीचं काही नाही," धाकटा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "घाईत मीसुद्धा तीच लावली असती. पण सात आठवडे मी रोज तुझी माफी मागत होतो. तू समोर बसून ऐकत होतास."

"चुकलो" एवढं थोरला म्हणाला, आणि तो शब्द त्याला स्वतःलाच तोकडा वाटला.

"जा तू आता, दादा."

थोरला तिथून निघाला तो पोलीस चौकीतच गेला. नळी दाखवली, स्वतःचा जबाब लिहून दिला. मग घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. "आधी मला सांगितलं असतंत, तर मी पहिल्याच दिवशी हाताला धरून नेलं असतं तुम्हाला," एवढंच म्हणाली आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत राहिली.

धाकट्यानं व्हॅन विकली नाही. चार महिन्यांनी तो पुन्हा कामावर जाऊ लागला, वरच्या भिंतींना एक माणूस लावून. व्हॅन थोरल्याच्या घरावरून जायची. थांबायची नाही. दोघी जावा बोलत होत्या, खाणंपिणं इकडून तिकडे जात होतं. दोघे भाऊ मात्र लग्नाकार्यात भेटले तर बस कितीची, ऊन किती, एवढ्यावर यायचे.

थोरला रविवारी एकटाच म्हशीखाली असायचा. गाडी पुन्हा चालवायची असं काही त्याच्या मनात नव्हतं, पण तशी मोडकी ठेवून बघवतही नव्हती. पुढचा आस सरळ करायचा म्हणून त्यानं ती चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उचलली होती. एका रविवारी खाली पडल्या पडल्या त्याला फाटकापाशी काठीचा आवाज आला, मग दोन पाय दिसले, एक जरा मागे ओढणारा.

"बाहेर ये आधी," धाकटा म्हणाला.

थोरला सरपटत बाहेर आला. धाकट्यानं काठी भिंतीला टेकवली, दुखरा पाय लांब करून तो कष्टानं खाली बसला, आणि घोड्या एकेक करून हातानं हलवून बघू लागला. थोरला म्हणाला, "मी पक्क्या लावल्यात."

"असतील," धाकटा म्हणाला आणि उरलेल्या दोन बघायला पलीकडच्या बाजूला गेला.