समुद्री प्रतीचे बोल्ट

साखरेची, चहाची आणि मिठाची अशा तिन्ही बरण्या रिकाम्या होऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत गेल्या आणि त्यांत खाऱ्या पाण्यात बोल्ट बुडाले, तेव्हा तपासनिसांच्या बायकोने एवढंच विचारलं, की आता चहात काय घालायचं ते सांगा, म्हणजे ढवळायला पाना घेते. तपासनीस बरणीला डोळा लावून बसले होते.

तपासनीस हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण जन्मभर कारखान्यांचे बॉयलर तपासून तो शब्द अंगाला असा चिकटला, की निवृत्तीनंतरही निघाला नाही. पहिल्या भेटीत त्यांनी कधी बॉयलर पास केला नाही, दुसऱ्या भेटीतही सहसा नाही. आपण पास केलेला एकही बॉयलर फुटला नाही, असं ते अभिमानाने सांगत. "पेटवू दिलास तर फुटेल ना," असं त्यावर त्यांच्या थोरल्या बहिणीचं मत होतं.

सध्याचं प्रकरण या ताईमुळेच सुरू झालं होतं. तपासनिसांच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांची मोटारसायकल उभी होती. वडिलांची म्हणायची, पण खरी दामटली ती ताईने. वडील कामावरून आले की किल्ली खिशातून काढायच्या आत ताईच्या हातात जायची, आणि धाकटा भाऊ मागे बसून बंदराच्या धक्क्यापर्यंतची रपेट करून यायचा. पुढे ताईचं लग्न झालं. सासर दोनच गल्ल्या पलीकडचं, पण सासरच्यांनी सून तेवढी घेतली, मोटारसायकल नको म्हणाले. ती भावाकडे राहिली, आणि समुद्राची खारी हवा तिला सावकाश चाखत राहिली.

आता ताई एकटी होती. मुलगा समुद्रापासून लांबच्या शहरात. घर विकलं गेलं होतं, महिनाअखेर मुलगा येऊन तिला घेऊन जाणार होता. ही बातमी द्यायला ती काठी टेकत आली, खुर्चीत बसली, आणि जणू वाटीभर साखर मागावी तशी म्हणाली, "जायच्या आधी मला एकदा आपल्या गाडीवरून धक्क्यापर्यंत ने. तू चालव, मी मागे बसते. गुडघे अजून माझं ऐकतात. उद्याचं सांगता येत नाही."

तपासनीस लगेच हो म्हणाले. ते इतक्या लगेच कशालाही हो म्हणत नसत, त्यामुळे बायकोने मान वर करून पाहिलं.

आणि सुरुवात चांगली झाली. कार्बुरेटर साफ केला, नवं पेट्रोल घातलं, आणि इंजिन खोकत खोकत सुरू झालं. पण मागच्या पायटेकणीचा बोल्ट आवळायला गेले, तर त्याचं डोकंच पान्यात येऊन बसलं. खालचा दांडा गंजाने पोखरलेला. तपासनिसांच्या चेहऱ्यावर नोकरीतलं जुनं तेज आलं. दोष सापडला होता. एक सापडला म्हणजे बाकीचे लपलेले असणार. सगळे बोल्ट बदलायचे ठरले, आणि यात कोणी शहाण्या माणसाने चूक काढावी असं काही नव्हतं.

घोडं अडलं ते निवडीपाशी. हार्डवेअरच्या दुकानदाराने पहिल्या दिवशी त्यांना खुर्ची दिली, चौथ्या खेपेला ते दिसताच तो आतल्या खोलीत काहीतरी शोधायला गेला. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट स्वस्त आणि छान, पण खाऱ्या हवेत मुलामा टिकत नाही. साधं स्टेनलेस टिकतं. त्याहून वरचढ समुद्री प्रतीचं, जे बोटींना लावतात. पण दोन्ही स्टेनलेस सारखीच चकाकतात, आणि दुकानदार तेच खोकं उलटसुलट दाखवतो असा तपासनिसांना दाट संशय. शिवाय ब्रेकला आणि चाकाच्या आसाला स्टेनलेस चालत नाही. ते गंजत नाही, पण ऐन जोर आला की मऊ पडतं. तिथे कणखर पोलादच हवं, मग ते गंजलं तरी बेहत्तर. आणि इंजिनाचं धूड ॲल्युमिनियमचं. त्यात स्टेनलेस तसंच पिळलं आणि फटीत खारी ओल शिरली, की गंज बोल्टला सोडून इंजिनालाच धरतो. दोन्ही चांगल्या घरची, पण एकत्र नांदत नाहीत, मध्ये ग्रीस घालावं लागतं. हे सगळं तपासनीस बायकोला जेवताना समजावून सांगत. एकदा ती म्हणाली, की आमटीत मीठ जास्त झालंय, बोल्टांना चालेल का.

तेव्हाच त्यांना बरण्यांची कल्पना सुचली. ऐकीव माहितीवर सही करायची नाही, स्वतः पाहायचं. जस्ताचा एका बरणीत, साधं स्टेनलेस दुसरीत, समुद्री प्रतीचं तिसरीत.

ताईचा फोन रोज येई. सुरुवातीला ती झालं का विचारायची. मग बरण्यांचं काय म्हणतंय, असं विचारू लागली. एका संध्याकाळी ती स्वतः आली. या खेपेला काठी होतीच, शिवाय दुसरा हात शेजारणीच्या खांद्यावर. खिडकीपाशी उभी राहून तिने तिन्ही बरण्यांकडे नीट पाहिलं, एखाद्याच्या घरी मासे पाळलेले असावेत तसं.

"अरे, मला धक्क्यापर्यंत जायचंय," ती म्हणाली. "चंद्रावर नाही."

"ताई, तू मागे बसणार. पायटेकणी निसटली तर?"

"निसटली तर पाय वर घेईन. तू कुठलाही बोल्ट लाव आणि रविवारी ये."

तपासनीस हसले. कुठलाही बोल्ट लाव, हे वाक्य त्यांनी कारखानदारांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की ते कानात शिरण्याआधीच नामंजूर होत असे. रविवारी ते गेले नाहीत. जस्ताच्या बरणीत तोवर तांबूस गाळ दिसू लागला होता, म्हणजे प्रयोग रंगात आला होता. राहता राहिली दोन स्टेनलेस. ती दोन्ही जशीच्या तशी. तपासनिसांच्या मते फरक दिसायला अजून थोडा अवधी हवा होता.

"अहो," बायको म्हणाली, आणि या वेळी ती थट्टा करत नव्हती, "हा फरक दिसेपर्यंत वन्संनी थांबायचं कुठे?"

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तपासनिसांनी समुद्री प्रतीचे बोल्ट घेतले, ब्रेकसाठी आणि आसासाठी पोलादी घेतले, ग्रीसचा डबा घेतला. दुकानदाराने त्यांना दारापर्यंत पोचवलं. मग तपासनिसांनी एकेक बोल्ट ग्रीस लावून बसवला, हवा तेवढाच आवळला, पुसला. काम खरोखर देखणं झालं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कामात खोट काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या कामात खोट सापडेना, आणि ते शेडमध्ये बराच वेळ उगाचच उभे राहिले.

ताईकडे पोचले तेव्हा घर जवळजवळ रिकामं झालं होतं. भिंतींवर फोटोंच्या जागी उजळ चौकोन, जमिनीवर दोरीने बांधलेली खोकी. मुलगा सकाळी यायचा होता. ताई आवाज ऐकूनच दारात आली. पायऱ्या उतरायला तिला एवढा वेळ लागला, की तपासनिसांनी तेवढ्यात आरसा पुसून घेतला.

तिने सीटवर हात ठेवला आणि पाय उचलला. तो अर्ध्यावर थांबला. तिने पायरीवर चढून पाहिलं. मग स्टूल आणलं. मग दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसायचं ठरलं, आणि शेजारीण व तपासनीस यांनी मिळून तिला वर बसवलंही. ती बसली, हसली, भावाचा खांदा धरला. तपासनिसांनी इंजिन सुरू केलं. त्याची थरथर पायटेकणीतून गुडघ्यात गेली, आणि खांद्यावरची बोटं एकदम रुतली.

"थांबव," ती म्हणाली.

तिला उतरवून पायरीवर बसवलं. शेजारणीने पाणी आणलं. तपासनीस घाईघाईने म्हणाले, की जाड उशी ठेवू, रबर बसवू, थरथर कमी करता येते, त्यावर उपाय आहेत. ताईने त्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, "महिन्याच्या सुरुवातीला मी जिना उतरत होते रे." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना काहीतरी उत्तर देता आलं असतं.

टॅक्सी बोलावतो, असं ते म्हणाले. तिला टॅक्सी नको होती. काचेतून समुद्र तिने दवाखान्यात जाताना रोज पाहिला होता. "तू जाऊन ये," ती म्हणाली. "मासे वाळत घालतात ते मैदान संपलं, की वळणावर वारा एकदम अंगावर यायचा. मी दर वेळी थोडी घाबरायचे. अजून तसाच येतो का बघ, आणि मला सांग."

तपासनीस गेले. धक्क्याला वळसा घालून परत आले तेव्हा ताई पायरीवर तशीच बसली होती, मान पुढे काढून.

"आला?"

तपासनीस गाडीवरून उतरले. सगळी वाट त्यांनी कान देऊन काढली होती. पायटेकणी खडखडते का, मडगार्ड कुजबुजतं का, मागून एखादा बारीक आवाज येतो का. वळण केव्हा आलं आणि केव्हा गेलं, हे त्यांना आठवेना. समुद्र डाव्या हाताला असणार, कारण रस्ताच तसा आहे. हो म्हणणं सोपं होतं. पण न पाहिलेल्या गोष्टीवर त्यांनी आजवर सही केली नव्हती.

"लक्ष नव्हतं गं माझं," ते म्हणाले.

ताईने पुढे काढलेली मान मागे घेतली. "आणि बोल्ट?"

"एकही हलला नाही."

"मग छान झालं," ती म्हणाली, आणि तिला तसंच म्हणायचं होतं, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

पुन्हा जाऊन येतो, या वेळी नीट बघतो, असं म्हणत ते किल्लीकडे वळले. ताईने मान हलवली. अंधारून आलं होतं. आता गेलास तर दिव्यापुढचा रस्ता तेवढा दिसेल, ती म्हणाली, त्यापेक्षा बस इथे, मीच सांगते वारा कसा यायचा ते.

तपासनीस तिच्याशेजारी पायरीवर बसले. ताई सांगू लागली. समोर मोटारसायकलीचं इंजिन निवत होतं आणि निवता निवता कुठेतरी टक टक वाजत होतं. कुठे वाजतंय ते बघायला ते उठले नाहीत.